नळीवरची रूई

मस्तगड, जालना
ता. ३ मे १९३५

रामकिसन,

अक्षरावर हसशील तर याद राख. हाताला एवढी पट्टी गुंडाळलीय की टाक धरायला जागा राह्यली नाही. बाकी मी मजेत आहे. माँ सकाळ-संध्याकाळ माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवते, आणि बाबूजी खोलीत येतात, खाटेशी उभे राहतात आणि परत पेढीवर जातात. मोटारीचा सांगाडा बैल लावून ओढून आणला, आपल्या कापसाच्या जिनाच्या मागं ठेवलाय. मी अजून बघितला नाही आणि बघायची हौसही नाही.

इथले डॉक्टरसाहेब हैदराबादचे. मला विचारतात, इंजिनात कापूस कुठून आला. मी म्हणालो, साहेब, जालन्यात कापूस कुठं नसतो ते विचारा. मग त्यांना पहिल्यापासून सांगत बसलो. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पेट्रोल नळीतच उकळतं आणि मोटार फटफट करून बंद पडते. म्हणून आम्ही नळीवर ओल्या रूईचा बोळा सुतळीनं बांधतो आणि वाटेत थांबून थांबून त्याच्यावर पाणी टाकतो. रूई ओली आहे तोवर नळी थंड. ती कोरडी पडली आणि त्यात पेट्रोल मुरलं, तर मात्र खैर नाही. ते म्हणाले, ये कौन-से अक्लमंद ने सिखाया? मी म्हणालो, कुणी शिकवायला कशाला पाहिजे, सगळं जालना हेच करतं.

शहागडला गोदागंगेला वळसा मारून परत फिरलो तेव्हा शर्यतीत आपण दुसरे होतो, हे मी मरेपर्यंत लोकांना सांगणार आहे. पुढं फक्त परभणीवाल्यांची मोटार. अंबडच्या विहिरीवर गर्दी होती, परभणीवाले निघालेले, माझा जीव वरखाली. मी स्टेअरिंगवरूनच ओरडलो, 'रूईवर पाणी टाकलं का?' तू म्हणालास, 'टाकलं, चल.' पाण्याची छागल उपडी करून टाकलं असशील, कारण पुढं माझ्या हातावर टाकायला तिच्यात थेंब नव्हता. म्हणजे रूई ओली होती. मग पेट कशानं घेतला? नळीचा नट सैल होऊन पेट्रोल थेट तापलेल्या धुराड्यावर ठिबकलं असणार. बाबूजी पण हेच म्हणतात. तो नट आपल्या मच्छिंद्र मिस्त्रीनं कसला होता.

मला आठवतं ते एवढंच. बॉनेट मी उघडलं आणि जळता बोळा ओढून काढायला हात घातला. मग तू मला मागून धरून ओढलंस, अंगावर माती लोटलीस. मी पाणी पाणी म्हणत होतो तर तू भर उन्हात, अनवाणी, गोलापांगरीपर्यंत पळत गेलास आणि कुणाची तरी घागर उचलून आणलीस. माँला हे सांगितलं तेव्हा ती उठून देवापुढं जाऊन बसली. आता ह्या घरात तुझं नाव माझ्याआधी घेतात. मला वाटलं होतं, जळाल्यावर तरी माझा भाव वाढेल.

माय कशी आहे? शर्यतीच्या गडबडीत तिचा ताप कसा आहे हे मी विचारलंसुद्धा नाही. मी बराबर शुद्धीवर आलो तोवर तू गावी गेलेला होतास. कळव.

नवलकिशोर

केदारखेडा
वैशाख शुद्ध ६, शके १८५७

नवल,

तुझं पत्र पोष्टमननं मळ्यातच आणून दिलं. अक्षर पाह्यलं अन् खालचं नाव पुन्हा वाचलं. शाळंत असतानी तुझ्या वहीवरनं मी नक्कल करायचो ते तुझ्या अक्षरासाठी, तुझ्या अकलंसाठी न्हवे. हात कव्हा बरा व्हतो ते डॉक्टरला नीट विचार, अन् मला खरं काय ते लिही.

माय वाचली. शर्यतीला निघालो तव्हा तिनं खाटंवरून हाक मारल्ती. म्हणली, 'गंगेकडं चाललास, तर येतानी माझ्यापुरती गंगा आण. माझं काही खरं न्हाई.' आणली. चमच्यानं दोन घोट तोंडात घातले अन् चौथ्या दिवशी ताप उतरला. आता काठी टेकत गोठ्यापतुर जाऊन येती अन् गड्यांना शिव्या घालती. दारावरून जो जाईल त्याला सांगती, लेकानं गंगा आणली म्हून जगले.

गावात पण तेच. काकासाहेब देशमुखानं चावडीत चारचौघात माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणले दोस्तासाठी जिवावर उदार झाला. मला तिथं उभं राहवंना. घरी येऊन जेवलो न्हाई, तर घरात म्हणत्यात, धसका बसलाय, नारळ फोडा.

मी काही केलं न्हाई, नवल. माझं नाव कुठं काढू नको. सेठजींना अन् माँजींना माझा नमस्कार सांग. जास्त काय लिहू.

रामकिसन

मस्तगड, जालना
ता. १७ मे १९३५

रामकिसन,

माय बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. मी माँला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गंगेनं दोघांना वाचवलं, एका आईला आणि एका लेकाला. तू पत्रात जे तोंड पाडून बसलायस त्याला माझ्याकडं औषध नाही. लोक पाठ थोपटतात तर थोपटून घे. मला तर ह्या वर्षी कुणी थोपटणार नाही.

एक वाईट बातमी आहे. तुला कळायचं कारण नाही, तू तेव्हा गावी गेलेला होतास. बाबूजींनी मच्छिंद्रला काढलं. आगीच्या दुसऱ्याच दिवशी. मी आत गुंगीत पडलेलो, मला आठ दिवसांनी कळलं. बारा महिने ज्याच्या हातात आपल्या मोटारी आणि जिनाचं इंजिन होतं, त्याला अंगणात उभं करून सांगितलं की तुझ्या ढिल्या नटानं माझा मुलगा जाळला. तो म्हणे एकच म्हणत होता, नट मी दोनदा कसला होता. सेठ लोकांत ही गोष्ट पसरली, आता त्याला कुणी मोटारीला हात लावू देत नाही. मस्तगडच्या कोपऱ्यावर स्टो आणि कंदील दुरुस्त करत बसतो. त्याची बायको नंदाबाई माँकडं आली होती. माँनं तिला धान्य दिलं, तिनं घेतलं नाही.

मलाही राग होता त्याचा. पण पडल्या पडल्या विचार करतो तेव्हा वाटतं, मच्छिंद्र नट ढिला ठेवणारा माणूस नाही. मग दुसरं काय झालं, ते सुचत नाही, आणि हाताची आग सुरू झाली की पुन्हा त्याचाच राग येतो.

आता चांगली बातमी. ज्येष्ठातल्या निर्जला ग्यारसला, तुमच्या एकादशीला, आपल्याकडं दरसाल माठ आणि पंखे वाटतात, दारात शरबत पाजतात, ते तुला माहीत आहे. घरच्या बायका त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि दुसऱ्यांना पाजतात. ह्या वर्षी त्याच दिवशी बाबूजी तुला फेटा बांधणार आहेत. पेढीची माणसं, बाजारातले सगळे व्यापारी, सगळ्यांना सांगून झालंय. माँ म्हणते, त्या दिवसापासून रामकिसन माझा धर्माचा मुलगा. तेव्हा नवा सदरा शिवून ठेव आणि नखरे करू नकोस.

हात ठीक आहे. थोडी बाकी आहे.

नवल

केदारखेडा
वैशाख वद्य ४, शके १८५७

नवल,

मच्छिंद्रला काढलं हे वाचून मला धक्का बसला. दोन दिवस कामात ध्यान न्हाई. तू सेठजींना सांग, नट सैल होणं काही मिस्त्रीच्या हातात नसतं. शहागडपतुरचा रस्ता तुला ठाव हाये, दगडधोंड्यात मोटारीची हाडं खिळखिळी झाल्ती. कसल्यालं बी सैल व्हतं. त्याला परत घ्या. माझं नाव सांगून म्हण, रामकिसन म्हणतो म्हून घ्या. माझ्यावर तुमच्या घराची एवढी मर्जी हाये तर तिचा एवढा तरी उपेग व्हावा.

फेट्याचं मात्र रद्द कर. ग्यारसला मला येणं व्हणार न्हाई. मिरगाच्या आधी नांगरटीचं उरकायचंय, एक बैल लंगडतोय, अन् मायला अजून एकलं ठेवता येत न्हाई. माँजींना सांग, धर्माचा मुलगा करायला माझ्यापेक्षा चांगली माणसं जालन्यात पडलीत. मी थट्टा करून राह्यलो असं समजू नको.

हाताचं 'थोडी बाकी' म्हंजी काय? कितीदा विचारू?

रामकिसन

हैदराबाद
ता. २८ मे १९३५

रामकिसन,

पत्ता बघून दचकू नकोस. इथल्या मोठ्या दवाखान्यात आहे, बाबूजी पोचवून परत गेले, सोबत घरचा एक गडी आहे.

तू दुसऱ्यांदा विचारलंस, तर सांगतो. उजव्या हाताची पाचही बोटं एकमेकांना आणि तळव्याला चिकटून बसलीत. मूठ वळलेली आहे, ती उघडत नाही. इथले डॉक्टर कातडी कापून बोटं सोडवायचं म्हणतात, किती सुटतील ते कापल्यावर कळेल. पहिल्या पत्रापासून मी तुला डाव्या हातानं लिहितोय. पट्टीचं खोटं सांगितलं. तू उन्हातान्हात पळून मला वाचवलंस, तुला आणखी कशाला जाळायचं, असं वाटलं.

इथं दिवसभर दुसरं काम नाही. तुझी दोन्ही पत्रं उशाशी आहेत, वाचून वाचून पाठ झालीत. आणि एका जागी मी अडतो. तू लिहिलंस, मायसाठी गंगा आणली. कशातून आणलीस?

आपल्याकडं छागल एकच होती. माझ्या समोर तू ती शहागडला भरलीस. तांब्या नव्हता, बाटली नव्हती, वजन नको म्हणून मीच सगळं काढून टाकायला लावलं होतं. अंबडला तू रूईवर पाणी टाकलं म्हणालास. आगीनंतर माझ्या हातावर टाकायला पाणी नव्हतं, म्हणून तू गोलापांगरीला पळालास. मग मायच्या तोंडात गेली ती गंगा कुठं होती?

मी वाईट अर्थानं विचारत नाही. माझं डोकं तापानं फिरलं असेल. दुसऱ्या कुणाकडं दिली असशील, परभणीवाल्यांकडं ठेवली असशील, असं काहीतरी असेल आणि मी विसरलो असेन. तेवढं लिही, म्हणजे मी हे उगाळणं बंद करीन. मच्छिंद्रबद्दल बाबूजींना लिहायचं आहे, त्याआधी मला कळलं पाहिजे.

नवल

केदारखेडा
ज्येष्ठ शुद्ध १, शके १८५७

नवल,

छागल एकच व्हती. तुझा हिशोब बराबर हाये.

शहागडला पाण्यात उतरलो, छागल भरली, अन् तव्हा ध्यानात आलं की मायसाठी न्यायला दुसरं काही न्हाई. मनाशी म्हणलं, अर्धी रूईला, अर्धी मायला. अंबड येईपतुर इंजिन दोनदा अडकलं, दोनदा मी पाणी टाकलं. अंबडला आलो तव्हा छागलीत जे राह्यलं व्हतं ते मायच्या वाट्याचं व्हतं.

विहिरीवर बाया हंडे भरून राह्यल्या व्हत्या. परभणीवाले धूळ उडवत गेले, तू हारन वाजवायला लागलास. मी बॉनेट उघडून रूईला हात लावला. कोरडी ठक्क व्हती. छागलीचं बूच काढलं अन् माझा हात पुढं जाईना. तू म्हणशील, पाणीच ना. पर तिथं उभं राहून मला ते पाणी वाटंना. माय मरायला टेकलेली, तिच्या तोंडात घालायची गंगा, अन् मी ती इंजिनावर ओतू? आमच्याकडं गंगेचा थेंब जिमिनीवर सांडला तरी म्हातारी माणसं बोटानं टिपून डोळ्याला लावत्यात. मी बूच परत लावलं, बॉनेट पाडलं. जालना काय लांब हाये, तोवर काय व्हतंय, असं म्हणलो. तू विचारलंस. मी म्हणलो, टाकलं, चल.

एवढ्यावर असतं तरी मी तुला तोंड दाखवलं असतं. पुढचं ऐक.

धूर आला, तू गाडी उभी केलीस अन् बॉनेटाकडं पळालास. छागल माझ्या बाजूच्या दाराला लटकत व्हती. मी आधी ती काढली. रस्त्याच्या कडंला बाभळीखाली नेऊन ठेवली, उलथू ने म्हून बुडाला दगड लावला. मंग तुझ्याकडं आलो. तेवढ्या वेळात तू हात घातला व्हतास. मी आधी तुझ्याकडं आलो असतो तर तुला हात घालू दिला नसता, हे मी रोज सोताला सांगतो अन् रोज ते खरंच असतं.

तू मातीत पडून पाणी पाणी म्हणत व्हतास. छागल माझ्या नजरंसमोर व्हती. मी गोलापांगरीकडं पळालो. तुझ्या घरात ज्या पळण्याचं कवतिक चाललंय ते हे पळणं. पळतानी मी रडत व्हतो. पर मागं फिरलो न्हाई, हे बी खरं.

मच्छिंद्रचा नट बराबर व्हता का न्हाई, मला ठाव न्हाई. खडकाळ रस्त्यानं सैल झाला असंल, थेंब थेंब गळालं असंल. पर रूई ओली असती तर नुस्ता वास आला असता, बाकी काही झालं नसतं. हे तुला बी कळतंय.

माय आता चुलीपाशी बसून भाकरी थापती. तिला पाह्यलं की मला बरं वाटतं, अन् बरं वाटलं म्हून लाज वाटती. ती हसली की मला तुझी मूठ दिसती. कुणाला सांगू? तिला सांगितलं तर ती अन्न सोडंल. म्हून तुलाच सांगतो, ज्याला सांगायला सगळ्यात भेत व्हतो.

तू म्हणशील ते करीन.

रामकिसन

हैदराबाद
ता. ७ जून १९३५

रामकिसन,

पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते वाचणं तुला झेपलं नसतं.

पाणी तू मायसाठी ठेवलंस, त्यावर मी काय बोलू. माझी माँ खाटेवर असती आणि माझ्या हातात ती छागल असती, तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही. छागल आधी उचललीस, तेही एक वेळ गिळीन. पण अंबडला मी तुला विचारलं होतं. 'नाही' म्हणाला असतास तर मी थांबलो असतो. तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, शर्यत हरलो असतो, विहिरीवर बायांच्या मागं नंबर लावला असता. पण थांबलो असतो. थांबायचं की नाही हे माझं होतं, गाडी माझी, चालवणारा मी. तू मला ते ठरवूच दिलं नाहीस. मी तुझ्या शब्दावर गाडी पळवली. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी उतरून स्वतः बघितलं असतं.

तू लिहिलंस, मी म्हणेन ते करशील. मग ऐक. मी बाबूजींना ह्यातलं काही लिहिणार नाही. ते माझं काम नाही. ग्यारसला तू मस्तगडला जा. बैल लंगडत असला तरी जा. आधी कोपऱ्यावरून मच्छिंद्रला घेऊन जा, त्याला बाबूजींनी बोलावलेलं नाही. फेटा बांधायच्या आधी सगळ्यांसमोर सांग. त्याला सगळ्यांसमोर काढलंय.

बुधवारी माझा हात कापणार आहेत. बुधवारीच ग्यारस आहे.

नवल

केदारखेडा
ज्येष्ठ शुद्ध १३, शके १८५७

नवल,

तुझ्या हाताचं काय झालं? पहिल्यांदी ते लिही, मंग माझं पुढचं वाच. न्हाई वाचलंस तरी चालंल.

गेल्तो. सकाळी मस्तगडच्या कोपऱ्यावर मच्छिंद्रपाशी जाऊन उभा राह्यलो. तो एका स्टोची पिन काढत व्हता. मी म्हणलो, 'मिस्त्री, सेठजींकडं चला, मला तुमच्यासमोर काही बोलायचंय.' त्यानं मान वर करून माझ्याकडं पाह्यलं, हात पुसले, नंदाबाईला दुकान बघायला सांगितलं अन् माझ्या मागं निघाला.  

तुमच्या दारात शरबताच्या घागरी मांडलेल्या, माणसांची रीघ. अंगणात जाजम टाकलेलं. सेठजींच्या हातात भगवा फेटा. माँजी दारामागं, पदर ओढून, सकाळपासून घोटभर पाणी न घेतलेल्या. मच्छिंद्रला पाहून सेठजींच्या कपाळाला आठी पडली, पर माझ्यामुळं काही बोलले न्हाईत. मला पाटावर बस म्हणले. मी बसलो न्हाई. उभ्यानंच सांगितलं. अंबडपासून सगळं सांगितलं, छागलीचं सांगितलं, गोलापांगरीचं सांगितलं. माझा आवाज मलाच वळखू येईना. शेवटी म्हणलो, नटाचा दोष न्हाई, माझा हाये.

 सेठजींनी फेट्याची घडी घातली, नीट, कडा जुळवून, अन् मुनीमजीच्या हातात दिली. मंग मच्छिंद्रकडं वळून म्हणले, 'मिस्त्री, हमसे गलती हुई. उद्यापासून ये.' तो म्हणला, 'येतो.' एवढंच. माझ्याकडं सेठजींनी पाह्यलं न्हाई. उठून आत गेले.

व्यापारी लोक हळूहळू पांगले. मी तिथंच. माँजी दारातून बाहीर आल्या. मला वाटलं, आता हाकलून देतील, अन् मला ते चाललं असतं. त्यांनी विचारलं, 'तुझी आई जगली ना?' मी म्हणलो, 'जगली.' त्यांनी शरबताचा पेला माझ्या हातात दिला अन् म्हणल्या, 'पी.' त्यांचे ओठ कोरडे पडल्याले मला दिसत व्हते. त्या समोर उभ्या व्हत्या, मंग प्यालो. पेला घेऊन त्या आत गेल्या. बेटा म्हणल्या न्हाईत.

बाहीर आलो तव्हा मच्छिंद्र दगडावर बसून चपलीचा अंगठा नीट करत व्हता. मी त्याच्यापुढं हात जोडले. म्हणलो, 'मिस्त्री, माझ्यापायी तुमचं नाव गेलं, मला माफी करा.' तो म्हणला, 'आज सगळं सांगितलंत, पर एक सांगितलं न्हाई.'  तो म्हणला, 'मला काढलं त्या दिवशी तुम्ही ओट्यावर व्हतात. सेठजींनी तुम्हाला विचारलं, रूईवर पाणी टाकलं व्हतं का. तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्याकडंच बघत व्हतो.'

हे तुला लिहिलं न्हवतं, नवल. तुला वाटतंय तसा मी आधीच गावी गेल्तो न्हाई. गावी निघायचं म्हून सेठजींचा निरोप घ्यायला थांबलो व्हतो, खांद्याला ती छागल लटकल्याली. सेठजींनी विचारलं अन् मी मान हलवली. नुस्ती मान. तोंडानं काही बोललो न्हाई म्हून इतके दिवस मी सोताला म्हणत व्हतो, ते खोटं बोलणं न्हवतं.

मच्छिंद्र चप्पल पायात सरकवून कोपऱ्याकडं निघून गेला. 

रामकिसन

हैदराबाद
ता. २१ जून १९३५

रामकिसन,

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सुटलं. बाकीची तीन सुटणार नाहीत. डॉक्टर म्हणतात, इसी का शुक्र मनाओ.

तू ग्यारसला गेलास आणि बोललास, हे मुनीमजींनी मला तुझ्या आधीच कळवलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, आपलं पुन्हा जुळेल. थोडा वेळ लागेल, पण जुळेल. मग तुझं पत्र आलं.

मच्छिंद्रला काढलं, ही बातमी मी तुला दिली. तू लिहिलंस, वाचून धक्का बसला, दोन दिवस कामात ध्यान नाही. ते वाचून मला तुझी दया आली होती. मी गड्याला म्हणालो होतो, बघ, ह्याला त्या मिस्त्रीचं किती वाईट वाटतंय. छागलीचं तू मला सगळं लिहिलंस तेव्हाही हे लिहिलं नाहीस. मच्छिंद्रनं तोंडावर सांगितलं नसतं तर कधीच लिहिलं नसतंस. आता तुझ्या कुठल्या ओळीवर विश्वास ठेवू, तूच सांग. पाणी, माय, अंबड, हे सगळं मला कळतं. ही मान हलवलेली मला कळत नाही, आणि मी प्रयत्न केला.

पुढच्या आठवड्यात जालन्याला जातोय. तू भेटायला येऊ नकोस. माँ तुझं विचारेल, ती विचारल्याशिवाय राहणार नाही. मी तिला सांगेन, पेरणी चालू आहे, रामकिसनला सवड नाही. पेरणी संपली की दुसरं काहीतरी सांगेन.

मायला ह्यातलं काही कळू देऊ नकोस. तिला सुखानं जगू दे.

नवलकिशोर